प्रमाण घोडा

विषय : अर्जदार गजाननभाऊ, फुलांचे दुकान, तिवसा, यांच्या प्लास्टिकच्या घोड्याची फेरतपासणी करून मिळणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराचा अर्ज व त्यानंतर फोनवरून आलेली स्मरणपत्रे.

उपरोक्त विषयी सादर की, सदर अर्ज आमच्या मंडळाच्या चिटणीसाकडे, म्हणजे माझ्याकडे आहे. मागणी साधी आहे. माझा घोडा तुम्ही नकली ठरवला, तो पुन्हा तपासा. अडचण अशी की, हा घोडा खरा निघाला तर आमच्या अध्यक्षांचा घोडा नकली ठरतो. आणि अध्यक्षांचा घोडा नकली ठरला तर... हे वाक्य मी कच्च्या टिपणीतही पूर्ण केलेलं नाही.

मी पाटबंधारे खात्यात आयुष्यभर कारकुनी केली. अनुभवाने सांगतो, किस्से आणि अर्ज यांची साचण्याची रीत एकच. मुद्दाम कुणी साठवत नाही. एक निकालात निघत नाही म्हणून दुसरा त्याच्यावर ठेवला जातो, दुसऱ्यावर तिसरा, आणि एक दिवस कपाटाचं दार लागत नाही. सध्या माझं दार लागत नाही. म्हणून वरचे चार-दोन काढून तुमच्यापुढे ठेवतो. सगळ्यात खालचा अर्थातच हा अर्ज आहे.

*

आमचं मंडळ जुने प्लास्टिकचे घोडे ओळखतं. हसून घ्या. आमच्या घरचेही आधी हसले, मग घोडे ठेवायला जागा मागितली तेव्हा थांबले.

पूर्वी अमेरिकेतली एक कंपनी हातभर लांबीचे प्लास्टिकचे घोडे करायची. मानेच्या शिरा, नाकपुड्या, तोंडावरच्या मोरकीची कडी, सगळं इतकं हुबेहूब की दाणा-वैरण विचारावीशी वाटावी. मिशनरी लोकांबरोबर, परदेशी गेलेल्या जावयांबरोबर ते वऱ्हाडातही आले आणि शोकेसमध्ये उभे राहिले. त्यांच्या मागोमाग त्यांच्या नकला आल्या. सुरुवातीच्या घोड्यांवर कंपनीचा शिक्का नसे. नकलांवर तर तो असण्याचं कारणच नव्हतं. तेव्हा खरा कोणता आणि नकली कोणता, हे ठरवण्यात आमचे महिन्यातले रविवार जातात, एकदा अमरावतीला, एकदा अकोल्याला.

सभासद मोजके. अध्यक्ष वकीलसाहेब, राहणार जठारपेठ, अकोला. मालतीताई, अमरावतीच्या निवृत्त विज्ञान शिक्षिका, पर्समध्ये पावडरच्या डबीऐवजी व्हर्निअर कॅलिपर बाळगतात. डॉक्टर वानखडे, अमरावतीचेच दंतवैद्य. घोड्याच्या पोटाखाली बघायला दातांचा आरसा वापरतात आणि सवयीने घोड्यालाही सांगतात, "हं, घाबरायचं नाही." नंतर आलेले गजाननभाऊ. आणि टिपणं काढायला मी, काळेबाबू.

*

वकीलसाहेबांचा घोडा हा आमचा 'प्रमाण घोडा'. जगातला कुठलाही घोडा आमच्यापुढे आला की आधी प्रमाण घोड्याशेजारी उभा राहतो.

साहेबांचा पाय लहानपणी मोडला होता. जांघेपासून खाली प्लास्टर. मिशनच्या दवाखान्यात कितीतरी महिने ते उताणे पडून होते. तिथल्या गोऱ्या डॉक्टरीणबाईंनी एके सकाळी हा घोडा त्यांच्या प्लास्टरवर आणून उभा केला आणि मोडक्या मराठीत म्हणाल्या, "हा खरा घोडा. माझ्या देशातून आला. हा पळेल, तू पण पळेल."

साहेब पळाले नाहीत, पण चालले. थोडं लंगडत कोर्टाची पायरी चढले आणि उभी हयात तिथे उभे राहिले. ही गोष्ट ते प्रत्येक बैठकीत सांगतात. बाकी सगळं सांगताना त्यांचा आवाज कोर्टातला असतो. 'खरा घोडा' हे दोन शब्द मात्र ते त्या बाईंच्या आवाजात म्हणतात.

त्यांच्या घोड्याच्या हनुवटीखालची कडी नुसत्या गोळीसारखी दिसते. एका पाहुण्याने एकदा कारण विचारलं. साहेब म्हणाले, "झिजली. मी रोज तिथेच अंगठा फिरवायचो." अजूनही फिरवतात.

*

आमच्या शास्त्रात वासालाही महत्त्व आहे. त्या काळचं प्लास्टिक म्हातारं झालं की त्याला सिरक्याचा आंबूस वास सुटतो, असं डॉक्टरांनी कुठेतरी वाचलं होतं.

अमरावतीला एका प्राध्यापकांच्या घरी घोडा बघायला गेलो. डॉक्टरांनी तो नाकाशी धरला, डोळे मिटले, आणि गहिवरून म्हणाले, "अस्सल! काय वास आहे! दोन पिढ्यांचं वय सांगतोय."

मीही हुंगला. खरंच सिरका! मालतीताईंनी तर रुमालाने डोळे पुसले, ते भावनेने की वासाने हे कळलं नाही. मी 'अस्सल' असं लिहून खाली रेघ ओढली.

तेवढ्यात प्राध्यापकांच्या सौभाग्यवती चहा घेऊन बाहेर आल्या. "स्वच्छ आहे ना? तुम्ही येणार म्हणून सकाळीच व्हिनेगरने पुसून ठेवला!"

*

घोडे अकोल्याला नेणं-आणणं हे चिटणीसाचं काम. एकदा मी बडनेऱ्याला गाडीत चढलो तो कडेवर घोडा घेऊनच. ओरखडा पडू नये म्हणून त्याला लाल पंच्यात गुंडाळलं होतं. डोकं तेवढं बाहेर.

डब्यात उभं राहायला जागा नव्हती. समोरच्या बाकावरच्या एका आजीबाईंनी घोड्याचं डोकं पाहिलं, लाल पंचा पाहिला, आणि शेजारच्या धडधाकट माणसाला म्हणाल्या, "ऊठ रे बावा, देव उभा हाय!"

तो उठला. मी बसलो. मूर्तिजापूर येईपर्यंत घोड्याच्या पायाशी बत्तासे जमले. एका गृहस्थाने हात जोडून विचारलं, "जागृत आहे का जी?"

मी काय सांगणार? म्हटलं, "तपासणी व्हायची आहे."

*

आता गजाननभाऊ.

तिवशाला त्यांचं फुलांचं दुकान आहे. हार, वेण्या, लग्नाच्या गाड्या सजवणं. दुकानात झेंडूच्या ढिगामागे त्यांच्या वडिलांच्या काळापासून एक घोडा उभा असे. मालतीताईंनी भाचीच्या लग्नाची फुलं घेताना तो पाहिला, आणि पुढच्या बैठकीला गजाननभाऊ घोडा टोपलीत घालून जठारपेठेत हजर झाले.

प्रमाण घोड्याशेजारी त्यांचा घोडा ठेवला. तीच चाल, तीच मान, तोच रंग. मालतीताईंनी व्हर्निअर लावला. गजाननभाऊंचा घोडा नखाच्या जाडीएवढा मोठा भरला. कान लांब, खूर रुंद.

आमचा नियम क्रमांक एक होता, "प्रमाण घोड्याच्या मापाशी जुळत नाही, ती नक्कल." नियम साहेबांनीच घालून दिलेला, भाषा माझी. साहेब हळहळून म्हणाले, "वाईट वाटतं गजाननभाऊ, पण तुमचा घोडा नकली आहे."

गजाननभाऊंनी घोडा परत टोपलीत ठेवला. "नकली तं नकली जी. पण बसू द्या मले तुमच्यात. घरी घोड्याचं कोनाशी बोलू?"

असे ते सभासद झाले. घोडा परत झेंडूमागे गेला. दिवसभर फुलांवर पाणी मारायचं, ते त्याच्यावरही पडायचं. नकली म्हटल्यावर कोण जपतो?

*

अकोल्याच्या जुन्या शहरात एका गुरुजींकडे निळा घोडा होता. अंग निळं, आयाळ सोनेरी. कुण्या पोराने दिवाळीचा उरलेला रंग फासला असणार, यावर आमचं एकमत झालं. डॉक्टरांनी तो घरी नेला आणि थिनर, कापूस आणि दात घासायच्या मऊ ब्रशने चांगला पांढराशुभ्र करून आणला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

पुढे मालतीताईंना इंटरनेटवर कळलं की त्या कंपनीने काही काळ निळ्या-सोनेरी रंगाचे घोडे स्वतःच काढले होते. कुणी घेतले नाहीत, म्हणून जगात फार थोडे उरले आहेत.

डॉक्टरांनी पांढऱ्या घोड्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "आता एक कमी."

गुरुजींना सांगायला आम्ही सगळे मिळून गेलो. जिना मी सगळ्यात मागून चढलो. गुरुजींनी घोडा हातात घेतला आणि आनंदाने ओरडले, "वा! तो निळा रंग घरात कुणाला आवडतच नव्हता हो!"

आम्ही सुटलो, डॉक्टर मात्र सुटले नाहीत. त्या आठवड्यात त्यांनी एकाही पेशंटच्या दातांवरचे डाग काढले नाहीत. मला फोनवर म्हणाले, "काळेबाबू, हात धजत नाही. कोणता डाग मुळातला असेल, काय सांगावं?"

*

याच डॉक्टरांनी एका बैठकीला गुडघे टेकलेला घोडा आणला. म्हणाले, घरीच शोकेसच्या मागच्या रांगेत सापडला, असा आपल्याकडे होता हे आठवतच नाही!

असा नमुना आम्ही कधी पाहिला नव्हता. पुढचे दोन्ही पाय वाकलेले, मान खाली, जणू जोतिबापुढे नमस्कार घालतोय. अख्खी दुपार त्यात गेली. साहेबांनी भिंग लावलं. मालतीताईंनी गुडघ्याचा कोन मोजला. मी 'अतिदुर्मीळ' लिहिलं.

संध्याकाळी डॉक्टरांच्या मिसेसचा फोन आला. त्यांचा आवाज फोनबाहेरही ऐकू येतो. "अहो, तो मे महिन्यात अकोल्याला गाडीत विसरलात तो घोडा नेलात का? मी मागे लपवून ठेवला होता. उन्हाने बसलाय तो!"

गजाननभाऊ मांडीवर थापा मारून हसले. "अकोल्याचं ऊन हाय डाक्टर! खऱ्या घोड्याले बी गुडघे टेकवते!"

डॉक्टर त्यानंतर महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. हा किस्सा लक्षात ठेवा, पुढे पुरावा म्हणून लागणार आहे.

*

आता कपाटाचा तळ.

गेल्या वर्षी मालतीताईंनी मला घरी बोलावलं. चहा केला आणि तो प्यायल्या नाहीत. म्हणाल्या, "काळेबाबू, नक्कल कशी करतात माहीत आहे? खऱ्या घोड्यावरून साचा घेतात. त्यात प्लास्टिक ओततात. आणि प्लास्टिक थंड होताना आकसतं."

"म्हणजे?"

"म्हणजे नक्कल नेहमी लहान असते. मोठी असूच शकत नाही. कडेकोपरेही बोथट होतात. कडीची गोळी होते."

माझ्या डोळ्यांपुढे आधी झेंडूच्या ढिगामागचा घोडा आला. मग साहेबांचा अंगठा.

"कुणाला सांगितलंत?" मी विचारलं.

"तुम्हाला. आणि..." त्या खजील झाल्या. "काल फुलं घ्यायला गेले होते. तोंडून निघून गेलं."

तिसऱ्या दिवशी गजाननभाऊंचा अर्ज आला.

मी तो दाबला, असं कुणी म्हणू नये. मी तो नियमाप्रमाणे हाताळला. प्रथम समास सोडलेला नाही म्हणून परत केला. मग घोड्याचा फोटो जोडलेला नाही म्हणून. मग फोटोत घोड्याची शेपटी आलेली नाही म्हणून. नोकरीत शिकलेलं सगळं मी त्या एका अर्जावर वापरलं. गजाननभाऊ दर वेळी दुरुस्ती करून आणत आणि वर मलाच मोगऱ्याचा गजरा देत, "वैनीसाठी न्या." गजरा मी घरी नेई. बायको म्हणे, "फुलं आणता तेव्हा तुमचं तोंड असं का होतं?"

मला झोपेत सुद्धा एकच चित्र दिसे. साहेब ऐंशीला टेकलेले, हातात घोडा, आणि कुणीतरी त्यांना सांगतंय की बाईंनी तुम्हाला बाजारातला घोडा दिला आणि खरा म्हणून सांगितला.

शेवटी साहेबांनीच फोन केला. "काळेबाबू, माझ्या मंडळात एक अर्ज पडून आहे म्हणे? मला हे चालत नाही. येत्या रविवारी सुनावणी लावा."

*

रविवारी बडनेऱ्याहून मी आणि गजाननभाऊ बरोबर निघालो. टोपलीत घोडा, वर ओला कपडा, त्यावर शेवंती. तब्येतीचं, हवापाण्याचं बोलून झालं. मग मी घसा खाकरून विचारलं, "भाऊ, घोडा मुळात तुमच्याकडे आला कुठून?"

"माहा बाप आंधी दवाखान्याच्या बागेत कामाले होता. मिशनच्या. थ्या डाक्टरीनबाई देश सोडून चालल्या तवा बापाच्या हाती देल्ला. त्यायच्या लेकराचा होता म्हनते. बाप सांगे, बाईच्या डोयाले पानी होतं."

"कोणत्या डॉक्टरीणबाई?"

गजाननभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "एकच तं होत्या, काळेबाबू."

मूर्तिजापूर गेलं, बोरगाव गेलं. मी टोपलीवरचा ओला कपडा नीट केला.

जठारपेठेत साहेब पांढरा शर्ट घालून, भांग पाडून बसले होते. टेबलावर प्रमाण घोडा.

"अर्जदार हजर?"

"हाव जी."

"प्रतिवादी?" साहेबांनी स्वतःच्या घोड्याकडे पाहिलं. "हजर. या प्रकरणात माझा हितसंबंध आहे. मी अध्यक्षस्थानी बसू शकत नाही. मालतीताई, तुम्ही बसा."

मालतीताई तापल्या तव्यावर बसावं तशा त्या खुर्चीवर बसल्या.

"व्हर्निअर काढा," साहेब म्हणाले.

"घरी राहिला हो," मालतीताई म्हणाल्या. पर्सच्या तोंडातून त्याचं स्टीलचं टोक बाहेर आलं होतं. साहेब बरोबर समोर होते. उभ्या हयातीत त्यांनी किती साक्षीदार पाहिले असतील! ते टोकाकडे बघून म्हणाले, "ठीक आहे. मग डोळ्यांनी बघू."

त्यांनी दोन्ही घोडे स्वतःच्या हाताने शेजारी उभे केले. गजाननभाऊंच्या घोड्याचा कान वर होता. त्याला मोजमाप लागत नव्हतं. साहेबांनी त्याच्या हनुवटीखाली बोट नेलं आणि बराच वेळ तिथेच ठेवलं.

"याची कडी शाबूत आहे," ते हळू म्हणाले. मग ताठ बसले. "अर्जदाराने सांगावं. हा घोडा कुठून आला?"

मी खाली कागदाकडे बघत राहिलो.

गजाननभाऊंनी मान वर केली तेव्हा साहेबांचा अंगठा परत आपल्या घोड्यावर गेला होता आणि त्या गोळीवरून फिरत होता. साहेबांच्या ते लक्षातही नव्हतं.

"बाप सांगे काहीतरी," गजाननभाऊ म्हणाले. "मले आता ध्यानात नाई."

"आठवून बघा."

"नाई जी. पन एक सांगू का सायेब? माहा घोडा दुकानात असते. दिवसभर मी फुलायवर पानी मारतो. त्याच्यावर बी पडते. इतक्या वर्साचं पानी पिऊन पिऊन थो फुगला असन."

मग डॉक्टर वानखडे म्हणाले, "अहो, प्लास्टिक कधी फुग..."

"फुगू शकतं," मालतीताई म्हणाल्या. आयुष्यभर ज्यांनी मुलांना विज्ञान शिकवलं, त्या मालतीताई!

गजाननभाऊ डॉक्टरांकडे वळले. "अकोल्याच्या उन्हानं घोडा बसते, तं तिवशाच्या पान्यानं फुगनार नाई कावून?"

डॉक्टरांनी मान डोलावली. उन्हाने बसलेला घोडा त्यांचाच होता.

साहेबांनी आम्हा सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. गजाननभाऊंकडे जास्त वेळ. मग चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"काळेबाबू, लिहून घ्या," कोर्टातल्या आवाजात ते म्हणाले. "अर्जदाराचा घोडा ओला असल्याने आज माप घेता येत नाही. घोडा वाळल्यानंतर सुनावणी ठेवावी."

मी लिहून घेतलं.

तेव्हापासून प्रत्येक बैठकीची सुरुवात तशीच होते. साहेब विचारतात, "गजाननभाऊ, वाळला का?"

"नाई जी सायेब. दमट हाय अजून."

मधे एक उन्हाळा गेला. अकोल्याचा उन्हाळा कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. जूनच्या बैठकीत साहेब म्हणाले, "यंदा तर फारच कडक होता. तरी नाही?"

"उन्हाळ्यात फुलं लवकर सुकतात ना जी," गजाननभाऊ म्हणाले. "पानी जास्तच मारा लागते."

सबब, सदर अर्ज आजमितीस प्रलंबित आहे.